पुलाखालची भिंत

गेमच्या कंपनीने त्याला फसवलं आणि त्याने मला. डोंबिवलीत मानपाडा रोडला त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. मी कितीही घासाघीस केली तरी तो मान डोलावत ऐकून घेतो आणि शेवटी पहिलाच भाव सांगतो.

गाजलेल्या गेमचे नवे भाग तो विकतो, पण त्यांची खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवतो. कोणी मागितलं तर म्हणतो, "घ्या ना. फक्त नाव तेच आहे." जुना गेम नव्याने चकाचक होऊन आला, की मात्र घरचं कोणी गावाहून आल्यासारखा उठून उभा राहतो.

आमच्या लहानपणीचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तसा आला, तेव्हा त्याने मला फोन केला. "शेठ, डोळे मिटून घ्या. सगळं तसंच ठेवलंय."

त्या गेममध्ये पुलाखालच्या भिंतीतून गाडी आरपार जायची. बनवणाऱ्याची चूक होती ती, पण आम्ही सगळे तिथूनच जिंकायचो. घरी लावला, तर गाडी भिंतीवर आपटली. चूक सुधारली होती.

मी भांडायलाच गेलो. त्याने दुकानातल्या टीव्हीवर लावला आणि कितीतरी वेळ गाडी त्या भिंतीवर घालत राहिला. मग ते खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि न मागता माझे पैसे परत दिले. त्याच्याकडून घासाघीस न करता मिळालेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती मला नको होती.

आता तो कोणालाच फोन करत नाही. त्या भिंतीतली वाट ज्याने बुजवली, त्याने मानपाडा रोडला यावं आणि ह्याच्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं.