मोटर डॉक्टरचा आवाज

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता कागद समोर धरल्याशिवाय मला आठवत नाहीत. हे एक प्रकरण मात्र कागदाविना आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. आमच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद साध्या आकस्मिक मृत्यूची आहे. कुणाचे नाव मी इथे देणार नाही. माणसे अजून त्याच गावांत राहतात.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, पारनेर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली होती. त्या दिवशी सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीवाल्यांनी चार्ज दिला आणि पावणेदहाच्या सुमारास आम्ही चहा घेत बसलो. आमचा एक हवालदार मोबाईलवर आलेले काहीबाही सगळ्यांना ऐकवायचा. त्या दिवशीही त्याने कसलीशी क्लिप लावली. सगळे हसले, मीही हसलो. मग मी टपाल बघायला घेतले.

साडेदहाला एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. डाळिंबाच्या बागेत मोटर चालू करताना एक शेतकरी शॉक लागून जागीच गेला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा वायरमनने लाईन बंद केली होती. विहिरीजवळ लोखंडी पत्र्याची स्टार्टरची पेटी, खाली ओली माती. मयत चाळिशीचा, धडधाकट माणूस. पंचनामा लिहून घेताना माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. पायांत कोऱ्या रबरी चपला होत्या आणि त्या त्याला लहान पडत होत्या, टाचा बाहेर आलेल्या. मी ते पंचनाम्यात लिहायला लावले आणि विसरून गेलो. नातेवाईक म्हणून मयताच्या थोरल्या भावाचा जबाब घेतला. बायको आत रडत होती. तिला काय विचारायचे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी तोच भाऊ ठाण्यात आला. सोबत गावातले एक बडे बागायतदार होते. त्यांना आपण नाना म्हणू. नाना तालुक्यातल्या डाळिंबवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन होते. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"सायेब, ह्यो अपघात न्हाई. आमच्या ग्रुपात एक 'मोटर डॉक्टर' हाय. मोटरीचं सगळं लोक त्यालाच इचारत्यात. बघा आता."

मी बघितले. मयताने सकाळी नऊ वाजता लिहिले होते, 'डॉक्टर दादा, स्टार्टरच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात. लाईट आली आहे. काय करू?' त्याखाली मोटर डॉक्टरचे दोन मेसेज होते आणि दोन्ही डिलीट केलेले होते.

"मानूस मेल्यावर पुसलं त्यानं," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "कायतरी चुकीचं सांगितलं असंल, म्हनून तर पुसलं. सायेब, त्याला आत घ्या. न्हाईतर आमी बघून घेतो."

ग्रुपमधला मागचा मजकूर मी चाळला. हा डॉक्टर तीन वर्षे लोकांना सल्ले देत होता. फोटोच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे. लिहिणे तुटक आणि नेमके: 'कॅपॅसिटर बदला', 'केबलचा जोड ओला आहे, वर काढा'. लोक त्याला दादा म्हणत, भाऊ म्हणत, एकाने तर 'मास्तर, तुमच्यामुळे मोटर वाचली' असे लिहून हात जोडले होते. मयताची स्वतःची मोटरही त्याच्या सांगण्यावरून दोनदा वाचली होती. इतका जाणता माणूस मेसेज पुसतो, म्हणजे कुठेतरी पाणी नक्कीच मुरते आहे, असे मी ठरवून टाकले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मला समोर दिसू लागला.

नंबर ज्याच्या नावावर होता त्याला नोटीस काढली. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. पाळी सुटल्यावर कंपनीच्या निळ्या शर्टातच आला. सोबत त्याची बायको होती. मी तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. "मालकाचा जबाब चालू आहे, तुमचे काम नाही."

दोन तास मी त्याला घुसळून काढले. त्याचे एकच पालुपद.

"सायेब, मला मोटरीतलं काय बी कळत न्हाई. नंबर माझ्या नावावर हाय, पन मोटर डॉक्टर मी न्हाई. माझी बायको हाय."

माझे टाळके फिरले. आरोपी वडिलांवर ढकलतात, मित्रांवर ढकलतात, पण बायकोच्या पदराआड लपणारा पाहून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटला. "लाज वाटत नाही? एक माणूस मेलाय आणि तू बायकोला पुढे करतोस?"

तो घाबरला, पण त्याने शब्द बदलला नाही. मध्ये दोन वेळा बाहेर गलका झाला. बाकावरची बाई आत यायचे म्हणत होती आणि हवालदार तिला अडवत होता. तिसऱ्यांदा ती त्याला बाजूला सारून आतच आली.

"सायेब, त्यांना सोडा. दोन तास झालं तुमच्या मानसांना सांगतीया. मोटर डॉक्टर मीच हाय."

तिशी-बत्तिशीची बाई, साधी साडी, आवाज खणखणीत. माणसाचे हात बघायचे, ही माझी जुनी सवय. हातावरून धंदा कळतो, असे मी नव्या पोरांना शिकवत असे. आणि दोन तास मी त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. आता मी दोघांचेही हात पाहिले. त्याची बोटे स्वच्छ होती. तिच्या नखांत मोटरीच्या वेटोळ्यांना लावतात ते वॉर्निश बसलेले होते आणि बोटांवर तांब्याच्या तारेचे बारीक काप होते.

महिला शिपायाला बोलावून मी तिचा जबाब घ्यायला सुरुवात केली. वडील जळलेल्या मोटरींत नवी तार भरायचे, म्हणजे रिवाइंडिंग करायचे, त्यांच्या हाताखाली ती शिकली. लग्नानंतर घरातच दुकान टाकले. गिऱ्हाईक दारात यायचे आणि विचारायचे, मिस्त्री कुठे आहे? ग्रुपमध्ये मात्र तिला असे कुणी विचारले नाही.

"तू बाई आहेस हे सांगितले का नाहीस?" मी विचारले.

"कुनी इचारलंच न्हाई, सायेब. दादा म्हनाया लागले, मी म्हनू दिलं. कामाशी काम."

"मग मेसेज का पुसलेस?"

यावर ती पहिल्यांदा अडखळली. त्या सकाळी तिचे दोन्ही हात वॉर्निशने भरले होते. मयताने तर लिहिले होते की लाईट आली आहे, म्हणजे घाई होती; शेतीची वीज ठरावीक तासच येते. हात धुऊन लिहीपर्यंत तो पेटी उघडेल, या भीतीने तिने कोपराने मोबाईल पुढे ओढला आणि लिहिण्याऐवजी बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ग्रुपने तिचा आवाज ऐकला.

"मंग काय झालं?"

"हसाया लागले. डॉक्टर बाई निघाली म्हने. एक म्हनला, वहिनी, चुलीवरची भाकर करपली बघा. कुनी त्याहून घानेरडं लिहिलं, ते माझ्या तोंडानं सांगवत न्हाई. फोनवर फोन याया लागले. माझा आवाज लोक पुढं धाडाया लागले. मला लई लाज वाटली, सायेब. अर्ध्या तासात दोन्ही पुसून टाकले. त्यांनी ऐकलं असंल असं मला वाटलं हुतं."

"क्लिपमध्ये तू काय सांगितले होतेस?"

"हात लावू नका म्हनून सांगितलं. पन आता कोन मानंल? ज्यानं इचारलं तो गेला. टिंगल अॅडमिननं पुसून टाकली, आन् ग्रुपातले म्हनत्यात, चालू करा म्हनाली आन् मंग पुसलं. दुकानात तीन दिस झालं कुनी येत न्हाई. तुमी मला आत घेनार, व्हय ना? माझी पोरगी साळंत हाय."

मला तिचे खरे वाटत होते. पण वाटण्यावर तपास चालत नाही. पुसलेल्या मेसेजचा पुरावा कुठून आणायचा? मयताच्या मोबाईलवरूनही तो गेला होता. मी पेन खाली ठेवले.

दारात आमचा हवालदार उभा होता, तोच तो, क्लिपा ऐकवणारा. तो कधी आला मला कळले नाही. त्याच्या हातात मोबाईल होता.

"साहेब," तो म्हणाला, "यांचा आवाज बाहेर ऐकला तेव्हाच मला शंका आली. त्या दिवशी चहाच्या वेळची ती क्लिप. माझ्या मोबाईलमध्ये आहे अजून."

त्याने ती लावली. वर कुणीतरी लिहिले होते, 'आता बाया शिकवणार मोटर', आणि पुढे हसरी तोंडे. मग तिचा आवाज आला.

"दादा, मुंग्या येत्यात म्हंजी करंट पेटीत उतरलाय. पेटीला हात लावू नका. चप्पल घालून बी न्हाई. वायरमनला बोलवा, लाईन बंद करून घ्या, मंगच उघडा."

तिथेच दुसरी क्लिपही होती. "ऐकलं का? बंद ठेवा. झाडं दोन दिस पान्याबिगर मरत न्हाईत. मानूस मरतंय."

मी ही क्लिप ऐकली होती. शब्दन् शब्द ऐकला होता, तो शेतकरी जिवंत असताना, हातात चहाचा कप धरून. मला त्या वेळी एवढेच ऐकू आले होते की एक बाई मोटरीविषयी रागावून बोलते आहे, आणि त्याचे मला हसू आले होते. एक माणूस मरू नये म्हणून कुणी जिवाच्या आकांताने सांगते आहे, हे वीसेक वर्षे जबाब ऐकण्यात घालवलेल्या माझ्या कानांना कळले नव्हते.

त्या बाईने माझ्याकडे पाहिले. "सायेब, ही तुमच्याकडं कशी आली?"

मी उत्तर दिले नाही. हवालदाराला त्याचा मोबाईल जप्तीसाठी टेबलावर ठेवायला सांगितले आणि पंच बोलावले.

टिंगलीसाठी पुढे ढकललेली ती क्लिप होती म्हणून ती बाई वाचली. नाहीतर मी तिच्यावर गुन्हा दाखल केला असता, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी मयताच्या घरी गेलो. आता कुठे मला त्याच्या बायकोला विचारण्याची बुद्धी झाली. त्या चपला कुणाच्या, असे विचारताच ती म्हणाली, "माझ्या."

आणि मग तिने सगळे सांगितले. नवरा बागेतून माघारी आला होता. ओट्यावर बसून त्याने दोन्ही क्लिपा तिच्यासमोर ऐकल्या होत्या. "मी म्हनलं, ऐका की, डॉक्टर सांगतोय ना. तर म्हनले, ह्यो डॉक्टर न्हाई, कुनी बाईमानूस हाय, गंमत करतंय. मंग नानांना फोन केला. नाना म्हनले, मुंग्या येनारच, रबरी चप्पल घाल आन् दाब बटन. घरात रबरी माझीच हुती. नवी. ती घालून गेले."

"हे आधी का नाही सांगितलेत?"

"तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली.

नानांना बोलावले. क्लिपमधली बाई डॉक्टरच्या घरातली कुणी असेल, असे त्यांनी धरले होते. त्यांनी फोन नाकारला नाही. त्यांना त्यात काही वावगेच वाटत नव्हते. "सायेब, मी वीस वरसं रबरी चप्पल घालूनच मोटर चालवतो. बाईच्या सांगन्यावरून गड्यानं मोटर बंद ठेवायची का?" पेटीत करंट उतरल्याचा, अर्थिंगची तार तुटल्याचा आणि ओल्या जागेत चपलेचा काही उपयोग नसल्याचा विद्युत निरीक्षकांचा अहवाल मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अशा सल्ल्याचा गुन्हा होत नाही, असे मत सरकारी वकिलांनी दिले; त्या बाईवर तो लावायला निघताना मी ते विचारलेही नव्हते. नोंद आकस्मिक मृत्यू म्हणूनच बंद झाली. थोरला भाऊ मात्र स्वतःहून त्या बाईच्या दुकानात गेला आणि दारात उभा राहून रडला, असे मला पोलीस पाटलाने सांगितले.

ती ग्रुपमध्ये परत गेली नाही. मयताची बायको आता बाग बघते आणि तिची मोटर याच बाईकडे दुरुस्तीला असते, हे निवृत्तीनंतर माझ्या कानावर आले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचारतात. तपासात माणसाचे म्हणणे आधी ऐकायचे आणि माणूस नंतर बघायचा, हे मी आयुष्यभर बोलत आलो. पण मोबाईलवर माणूस दिसत नाही, तेव्हा आपण तो मनानेच उभा करतो, आणि माझ्या मनाने मोटर डॉक्टरला मिशा लावल्या होत्या. त्या शेतकऱ्यानेही लावल्या असतील. त्या उतरल्या, तेव्हा तीन वर्षांचा विश्वास दोन मिनिटांत गेला.

एक गोष्ट राहिली. क्लिप कुठून आली हे सिद्ध करण्यासाठी मी हवालदाराचा जबाब लिहून घेतला होता. 'सदरची क्लिप मी ठाण्यातील कर्मचाऱ्यांना ऐकवली असता ते हसले,' असे वाक्य त्यात आहे. तो सांगत होता त्यात माझाही उल्लेख होता. मी त्याला तेवढा भाग गाळायला सांगितला आणि त्याने मुकाट्याने गाळला.

या लेखात मी कुणाचे नाव घेतलेले नाही. पण त्या सकाळी हसणाऱ्यांत ठाण्याचा प्रभारी अधिकारी होता, हे त्या जबाबात नसलेले वाक्य आज इथे लिहितो. 'ही तुमच्याकडं कशी आली?' या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे बाकी होते.