पाण्याला हॉर्न

“तिला राहू दे. घाबरते ती, नुसती बघेल,” जिजू ताईला हळूच म्हणाले. मला ऐकू आलं.

ऑस्ट्रियात भाड्याची गाडी घेऊन घाटात शिरण्याआधी आम्ही गाडी सावरायला शिकवणाऱ्या कोर्सला आलो होतो. तिथल्या सरावाच्या निसरड्या रस्त्यावर जमिनीतल्या कारंज्यांतून अचानक पाण्याची भिंत उसळायची. तिच्या अलीकडे करकचून ब्रेक दाबायचा, एवढंच.

पहिले जिजू गेले. भिंत उसळली आणि त्यांनी हॉर्न वाजवला, अगदी मनापासून. गाडी वाजत वाजत पाण्यातून पलीकडे गेली आणि गिरकी घेऊन थांबली.

“पाणी बाजूला होणार होतं का?” शिकवणाऱ्या बाईंनी गंभीरपणे विचारलं. ताईला हसू आवरेना.

मला मात्र तो हॉर्न कळला. पुण्यात माझं निम्मं बोलणं हॉर्नच करतो. ‘काका, जरा सरका’, ‘अहो, सिग्नल सुटला’ हे तोंडाने म्हणायचा मला धीर नसतो, अंगठा म्हणतो. इथे सकाळपासून एकही हॉर्न ऐकला नव्हता. अशा देशात माझ्यासारखीने बोलायचं तरी कशाने?

बाईंनी मला काही विचारलं नाही, गाडीचं दारच उघडून धरलं. मी बसले. भिंत उसळली. अंगठा सवयीने हॉर्नवर गेलाच, पण पायही ब्रेकवर गेला. गाडी अलीकडे थांबली. काचेवर चार थेंब उडाले, तेवढेच.

परतले तेव्हा जिजू आमच्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे होते.

“किल्ली द्या, जिजू,” मी म्हणाले. “घाटात मी चालवते. तुम्ही नुसतं बघा.”