तोंड मिटून काम करणारा मिस्त्री

छताचा गिलावा करणारा माणूस तोंड मिटून काम करतो. वर थापी मारली की अर्धा माल छताला चिकटतो, उरलेला नाकाडोळ्यांवर येतो. तोंड उघडं असेल तर सिमेंट चाखायचं. म्हणून मिस्त्री उभ्या आयुष्यात बांबूच्या परांचीवर कधी बोलला नाही. श्वास कोंडायचा, माल फेकायचा, मग श्वास सोडायचा. तरुणपणी लागलेली ही खोड इतकी अंगात मुरली होती, की घरी माळ्यावरचा डबा काढतानाही त्याचे गाल फुगायचे. बायको म्हणायची, डबा काढताय की पाण्यात बुडी मारताय?

मग हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिनीत जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी त्याला हॉस्पिटलच्या तळघरातल्या व्यायामाच्या खोलीत धाडलं. तिथे चालायचे फिरते पट्टे होते, जागच्या जागी मारायच्या सायकली होत्या आणि मिस्त्रीच्या निम्म्या वयाची एक फिजिओथेरपिस्ट होती. सगळे तिला ताई म्हणत. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, काका, काम काय करता? त्या कामाला पुरेल असाच व्यायाम बसवायचा होता तिला.

इथे मिस्त्रीने माती खाल्ली. परांचीवर चढतो असं सांगितलं तर ही बया आपल्याला कायमचं घरी बसवणार, असं तो धरूनच चालला. म्हणून तो म्हणाला, "देखरेख करतो. हात नाही लावत आता." सोबत आलेल्या बायकोने तोंड उघडलं, तसा त्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

झालं. ताईने देखरेख करणाऱ्या माणसाचा व्यायाम बसवला. चालणं, सायकल, पुन्हा चालणं. मिस्त्री वैतागून गेला. कितीही चाललं तरी समोर तीच भिंत, आणि तिचा गिलावाही भिकार. घाण्याला जुंपलेला बैल निदान तेल तरी काढतो, हा नुसता घाम काढत होता. हातांसाठी हलकी वजनं होती, ती त्याने पोरांची खेळणी म्हणून बाजूला सारली. हातांनी जन्मभर काय केलं मग? त्यात ताईचा नियम असा, की चालताना शेजाऱ्याशी बोलायचं. दोन वाक्यं सहज बोलता आली तर वेग बरोबर, मध्येच धाप लागली तर जास्त. शेजारच्या पट्ट्यावरचे निवृत्त मास्तर जावयापासून गुडघ्यापर्यंत सगळ्यावर बोलत. मिस्त्री नुसतं हं म्हणे. ताईने रागावून पाहिलं, गोडीत सांगून पाहिलं, पण गाडी काही हंच्या पुढे सरकेना.

घरचा वैताग वेगळाच. छतं आता मेव्हणा करत होता, बायकोचा धाकटा भाऊ, मिस्त्रीनेच हाताला धरून शिकवलेला. भिंतीला त्याचा हात बरा होता, पण छतावर लाटा उठायच्या. त्या लाटांच्या तक्रारी मिस्त्रीच्या फोनवर यायच्या आणि नवी कामं मात्र मेव्हण्याकडे जायची. मिस्त्रींना कशाला त्रास, म्हणायचे लोक. हे ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर चढता येत नसेल तर आपण मिस्त्री कसले, एवढाच एक किडा डोक्यात वळवळत राहायचा.

शेवटच्या तपासणीत तो पट्ट्यावर झोकात चालला. ताई खूश झाली. देखरेखीला आता काही हरकत नाही, म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री साइटवर गेला, मेव्हण्याच्या हातातली थापी घेतली आणि सरळ परांचीवर चढला. पाय भक्कम होते, चढताना धापसुद्धा लागली नाही. त्याला वाटलं, जिंकलं. मग हात वर केले, श्वास कोंडला, माल फेकला. पुन्हा कोंडला, पुन्हा फेकला. एक कोपरासुद्धा पुरा झाला नव्हता, तोच छातीवर झटक्याच्या वेळचं ते जुनं ओझं येऊन बसलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मेव्हण्याने त्याला काखेत धरून खाली उतरवलं, जिभेखाली गोळी ठेवली आणि भाऊजी, भाऊजी करत हॉस्पिटल गाठलं.

नवा बिघाड निघाला नाही, हे नशीब. डॉक्टरांनी औषध बदललं, आराम सांगितला आणि मग पुन्हा तळघरात पाठवलं. या वेळी बायको नवऱ्यापासून लांबची खुर्ची धरून बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. परांची, थापी, कोंडलेला श्वास, सगळं. ताई चिडली, आणि चिडण्यासारखंच होतं.

"काका, इतके दिवस मी ज्याला तयार केलं, तो माणूस मुळात अस्तित्वातच नाहीये," ती म्हणाली. "हात डोक्याच्या वर धरून काम केलं की हृदयावर चालण्यापेक्षा जास्त ताण येतो. त्यात तुम्ही श्वास कोंडता. पायांनी केलेली तयारी हातांना कशी पुरेल?"

म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. तिने त्याच्या हातात एक हलकी काठी दिली. ती डोक्याच्या वर न्यायची, खाली आणायची आणि तोंड चालू ठेवायचं, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. घमेली रिकामी करण्यात जन्म गेलेला माणूस काठी उचलत होता. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बोला," ताई म्हणाली. तो हं म्हणाला.

"हं नाही. बोला."

आणि मिस्त्री सुटला. काठी वर नेता नेता त्याने आधी समोरच्या भिंतीचा उद्धार केला, कुठल्या गाढवाने हा गिलावा केला म्हणून. मग पट्ट्याचा, गोळ्यांचा, मेव्हण्याच्या लाटांचा, बायकोच्या जिभेचा, शेवटी स्वतःच्या शहाणपणाचा. दोन शिव्याही गेल्या. मास्तर चालता चालता कान देऊन ऐकत होते. ताईने त्याला अडवलं नाही. ती मनगटावर बोटं टेकवून नाडी बघायची आणि पुढे चालू द्या म्हणून मान हलवायची. तक्रारी संपल्या तरी काठी वर-खाली होतच होती. त्याचा आवाज मात्र एकदम खाली आला.

"ताई, मला वर चढायचंय. चढेन का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "हात थांबवू नका."