येनाचं ग्रीनहाऊस आणि मला नको असलेला निळा रंग

"शनिवारी पानं तोडतेय. येतोस?"

बुधवारी दुपारी वैशालीचा मेसेज आला तेव्हा मी जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात कॉलवर होतो. कॉल म्यूट करून आधी तिकीट काढलं. वैशाली माझी बायको, येना शहरात पोस्टडॉक करते. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातली दोन आम्ही रेल्वेच्या वेळापत्रकावर काढली आहेत.

तिचं काम समजून घ्यायला मला बरेच महिने लागले, तुम्हाला थोडक्यात सांगतो. कंपोस्टच्या गरम ढिगात राहणाऱ्या एका जिवाणूचं एक एन्झाइम गव्हाच्या काडातला चिवट भाग तोडतं. ते मिळवायचं तर एरवी स्टीलच्या टाक्यांत सूक्ष्मजीव वाढवावे लागतात. वैशालीने त्या जिवाणूचं जनुक तंबाखूच्या रोपात घातलं, म्हणजे टाकीचं काम पानाने करायचं. पहिल्या दोन खेपांत एन्झाइम तयार झालं, पण त्याने रोपाच्या स्वतःच्याच पेशींच्या भिंती पोखरल्या. पानं पिवळी पडून लोळली. तिसरी खेप शेवटची होती. जमलं तर तिचा करार दोन वर्षांनी वाढणार होता. नाही जमलं तर मार्चअखेर संपणार होता आणि ती एश्बॉर्नला येणार होती.

इथेच कबूल करतो: जमू नये, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी एस-बान लोकलने फ्रँकफुर्ट गाठलं, तिथून एअरफुर्टची आयसीई, म्हणजे वेगवान गाडी. तिकीट थोडं आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. माझ्यासारखं आयत्या वेळी काढू नका. डॉइचलांडटिकेट हा देशभर चालणारा मासिक पास असेल आणि वेळ असेल तर रीजनल गाड्यांनीही जाता येतं, फक्त बऱ्याच गाड्या बदलाव्या लागतात. खिडकीची जागा होती, पण मी वाटेतल्या फुल्डा स्टेशनापर्यंत दोनदा उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. लॅपटॉप उघडला, मिटला. फुल्डानंतर टेकड्या सुरू होतात, फार सुंदर दिसतात म्हणे. मी फोन बघत होतो. गाडीला फेरश्पेटुंग, म्हणजे उशीर, झाला आणि एअरफुर्टला येनाची गाडी डोळ्यांसमोरून सुटली. पुढची येईपर्यंत फलाटावर किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.

येना वेस्ट स्टेशनावर वैशाली उभी होती. "पानं कशी आहेत?" मी उतरता उतरताच विचारलं.

"हिरवी आहेत," ती म्हणाली. "अजून तरी."

मी "अरे वा" म्हणालो. ते माझं मलाच खोटं ऐकू आलं.

शनिवारी सकाळी मार्क्टप्लात्झवर, म्हणजे बाजारचौकात, कोळशावर भाजलेली थ्युरिंगियन ब्राटवुर्स्ट, इथलं लांबलचक सॉसेज, खाल्ली. पाव इतका लहान की दोन्ही टोकांनी वुर्स्ट बाहेर. मोहरीची चटणी लावून उभ्यानेच खायची. येनाला गेलात तर चुकवू नका. वैशालीने अर्धीच खाल्ली आणि उरलेली माझ्या हातात दिली.

तिच्या ग्रीनहाऊसमध्ये कोणालाही असंच जाता येत नाही. तिने आधी परवानगी काढली होती. वहीत सही, अंगात पांढरा कोट, दुहेरी दरवाजा. सीलबंद डब्याशिवाय आतून एक पानही बाहेर न्यायचं नाही. कुंड्यांपाशी बोएमं नावाचे माळी कात्रीने कळ्या खुडत होते.

"फुलू का देत नाही?" मी विचारलं.

"फूल आलं की पराग आले, पराग आले की माझ्यामागे कागदपत्रं," ते म्हणाले. मग वैशालीकडे बोट दाखवून, "तर, या बाईंनी या वेळी हुशारी केली. एन्झाइम पानातल्या हिरव्या दाण्यांमध्ये बंद केलंय. पान कुस्करल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. बरोबर ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वैशाली म्हणाली.

तिने आठ पानं तोडली, लॅबमध्ये नेऊन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटली, त्यांचा रस काढला. रस तापवला. रोपाची बहुतेक प्रथिनं उष्णतेने साकळून तळाशी बसतात, पण गरम ढिगातल्या जिवाणूचं एन्झाइम टिकतं. उरलेल्या स्वच्छ रसात तिने एरवी पाण्यात न विरघळणारी निळी भुकटी टाकली. एन्झाइम असेल तर ते भुकटी तोडेल आणि वरचं पाणी निळं होईल. नसेल तर पाणी तसंच राहील.

वाट बघताना तिच्या वडिलांचा नागपूरहून फोन आला. "जय भीम, निखिलराव! झाडं काय म्हणतात?"

"जय भीम, बाबा. अजून बोलली नाहीत."

"तिला म्हणावं, जेवून घे आधी."

फोन ठेवून वळलो तर वैशाली ट्यूब उजेडाकडे धरून उभी होती. पाणी निळं झालं होतं. नुसतं निळसर नाही, शाळेतल्या शाईसारखं निळं. ती हसत माझ्याकडे वळली आणि तिचं हसू थांबलं.

"निखिल, तुला आनंद नाही झाला."

खोटं बोलता आलं असतं. "नाही जमलं तर तू घरी येशील, असं वाटत होतं मला," मी म्हणालो.

तिने ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. "मला माहीत होतं. गेले दोन महिने तू एकदाही स्वतःहून विचारलं नाहीस, काम कसं चाललंय म्हणून. काल स्टेशनवर पहिल्यांदा विचारलंस, तेही घाबरून."

रविवारी आम्ही शहरामागच्या चुनखडीच्या टेकड्यांवर चढलो. वाटा सोप्या आहेत, पण पाऊस झाल्यावर निसरड्या होतात, बूट चांगले घाला. ती पुढे, मी मागे. वर पोचल्यावर ती म्हणाली, "मी दोन वर्षं इथेच राहणार आहे. तुला विचारत नाहीये, सांगतेय. पण तू माझ्या हरण्याची वाट बघत बसणार असशील, तर दर शुक्रवारी येऊ नकोस."

मला राग आला, मग लाज वाटली. मग भूकही लागली. उतरून एका गास्टश्टेटमध्ये, म्हणजे साध्या खाणावळीत, बटाट्याचे क्लोसे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि लाल कोबी खाल्ला. तिथे मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, हे एन्झाइम पानात किती दिवस टिकतं? ती तासभर बोलत होती. मला निम्मं कळलं.

सोमवारी ऑफिसात मॅनेजरला विचारलं, आठवड्यातले तीन दिवस येनाहून काम केलं तर चालेल का? "दोन," ते म्हणाले, "आणि महिन्याभराने पुन्हा बघू." मी लगेच हो म्हटलं.

या प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर टेकड्या नाहीत आणि ब्राटवुर्स्टही नाही. काल संध्याकाळी वैशालीचा फोन आला. तेच जनुक तिने तंबाखूच्या दुसऱ्या वाणाच्या चार रोपांत घातलं होतं, त्यांतल्या तीन रोपांनी माना टाकल्यात. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "कुठली तीन? आणि चौथं कसं आहे?" मला वाईट वाटत होतं, खरोखरचं. फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ त्या चौथ्या रोपाचाच विचार करत होतो.