कडेला थांबलेल्या पेशी

माझ्या मोठ्या भावाच्या गाठीचा तुकडा माझ्याच प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी त्या कामातून बाजूला व्हायला हवं होतं. मी झाले नाही.

मी नागपुरात प्राध्यापक आहे. कर्करोगाची गाठ वाढत असताना आपली प्रतिकारशक्ती तिला का सोडून देते, एवढाच माझा विषय. तोंडाच्या कर्करोगाचे नमुने मी यवतमाळहून मागवते, कारण तिथे ते कमी पडत नाहीत. आमच्या बोरी अरबला सकाळी चहाच्या आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा मिळतो.

दादा एसटीत कंडक्टर होता. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला तोच आला होता, तोही ड्यूटीवर असतानाच. मला पुढच्या सीटवर बसवून यवतमाळपर्यंत प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला सांगत होता, "माही बहीण हाय. सायन्स घेऊन राह्यली." गाडीत डुलकी लागू नये म्हणून तो खर्रा खायचा. मी संशोधनाला लागल्यावर त्याला समजावलं, भांडले, एकदा पुडी हिसकून खिडकीबाहेर फेकली. मग कंटाळून नाद सोडला. वर्गात मुलांना मात्र दरवर्षी तेच सांगत राहिले.

दोन वर्षांपूर्वी वहिनीचा फोन आला. "बाई, तुमचे दादा भाकर दुधात कुस्करून खाऊन राह्यले. तोंडच उघडत नाही त्यायचं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुमाले सांगू नको म्हनत होते."

यवतमाळच्या दवाखान्यात तुकडा काढला. संशोधनासाठी थोडा भाग देणार का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दादानं कागद पुरता वाचलाही नाही. सही केली आणि म्हणाला, "बहिणीच्या कामी येईन."

नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. पण त्या आठवड्यात यवतमाळहून एकच डबी आली. माझ्या विद्यार्थिनीनं त्यातल्या तुकड्याचा पातळ काप रंगवला आणि नेहमीसारखा मला दाखवायला आणला. गाठीशी लढणाऱ्या पेशी त्या रंगात तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. दादाच्या कापात त्या होत्या, भरपूर होत्या, पण सगळ्या गाठीच्या कडेला. आत एकही नव्हती. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, किती स्पष्ट आलंय!" मी हो म्हणाले. असं चित्र दिसलं, की प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधंही बहुतेक वेळा हात टेकतात. दादाच्या डॉक्टरांच्या आधी ते मला कळलं होतं.

दहा-बारा दिवस मी बोरीला गेले नाही. फोनवर काहीबाही बोलत राहिले. शेवटी गेले, तेव्हा दादा ओसरीत खुर्चीवर बसला होता. गालाला सूज होती, शब्द घोळून येत होते.

"तुले काय दिसलं?" त्यानं सरळच विचारलं.

"अजून पाहून राह्यली."

"बाई, पेपर खराब गेला का तू अशीच बोलत होती."

मग मी सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत काहून नाही गेल्या त्या?"

"माहीत नाही, दादा. वीस वर्षं झाली, तेच शोधून राह्यली."

"वीस वर्षं?" तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. त्यानं वहिनीला चहा कोमट करून आणायला सांगितलं आणि आम्ही शेजारच्या बोअरवेलबद्दल बोललो.

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले, गाठ परत आली. नवं औषधही मीच हट्टानं सुरू करायला लावलं. चार वेळा दिलं. काही झालं नाही. पावसाळा संपता संपता दादा गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात त्रिशरण चालू असताना बाहेर त्याचे एसटीतले सोबती बसले होते. दोघं प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते. मी त्यांच्या समोरून तशीच पुढे गेले.

दादाचा काप मी अभ्यासातून काढला नाही. काढणं बरोबर झालं नसतं. शोधनिबंध पाठवला, तर नमुने थोडे आहेत, वाढवा, असं संपादकांचं उत्तर आलं. म्हणून रुग्णांची संमती घ्यायला मी आता स्वतःच यवतमाळच्या दवाखान्यात जाते.

परवा ढाणकीची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. मी संमतीचा कागद समजावून सांगितला. तिनं विचारलं, "याच्यानं ह्यायले फायदा होईल का?"

"यांना नाही. पुढच्या कोणाला झाला तर होईल."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "मंग राहू द्या, मॅडम," ती म्हणाली, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. मी कागद परत फाइलीत ठेवला आणि नर्सला पुढच्याला बोलवायला सांगितलं.