रस्ता बारमाही आहे का?

जीपच्या टपावर सामान चढवतात ना, तसे आमचे किस्से. आधी एक पोतं, त्यावर दुसरं, त्यावर कोंबड्यांची पाटी, त्यावर कुणाची तरी सायकल. घाट चढताना मान वळवून बघावं तर ढीग गाडीपेक्षा उंच! उतरवायला कुणी येत नाही, म्हणून मीच बसलोय एकेक खाली काढत.

शिनोलीच्या फाट्यावर आम्ही तिघं वडापवाले. वडाप म्हणजे सीटं भरली की सुटणारी जीप, आणि सीटं भरली की नाही हे ठरवणार ड्रायव्हर! मी, सोपानराव आणि दगडू. यातला एकही किस्सा खोटा नाही. एखादा थोडा ताणलेला असेल, पण टपावरची दोरी ताणल्याशिवाय सामान राहतं का, सांगा!

दगडू आमच्यात धाकटा. दिसायला बरा, गाडी स्वतःची, व्यसन एकच, चहा. पण गाव पडलं वरची वाडी. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद, उन्हाळ्यात विहीर कोरडी, आणि मधल्या दिवसांत बिबट्या. मुलीचा बाप कुठलाही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "रस्ता बारमाही आहे का?"

दगडू पडला प्रामाणिक. म्हणायचा, "आठमाही हाय."

संपली सोयरीक!

* * *

दगडूकडे येतोच. आधी माझं घ्या. मोबाईल वगैरे यायच्या आधीची गोष्ट. मढहून माळशेज घाट उतरायचा होता आणि धुकं असं, की बोनेटवर बसलेला माणूस बोनेटवर आहे की नाही ते हाक मारून विचारावं लागत होतं.

गाडीत एक आजोबा होते, डोक्याला लालभडक पागोटं. मी म्हणालो, "आजोबा, जरा पुढं चालता का? तुमच्या पागोट्यामागं गाडी काढतो." आजोबा उतरले. ते पुढं, मी फस्ट गियरमध्ये मागं. असा आख्खा घाट उतरलो.

खाली धुकं विरलं. मी हात पुढं केला, "आजोबा, भाडं?"

"भाडं?" आजोबांनी पागोटं सारखं केलं. "राव, आख्खा घाट म्या पायी उतारलो. वाट म्या दावली, तुमी माज्या मागनं आलात. भाडं तुमी द्या!"

गाडीतल्या सगळ्या शिटांनी आजोबांच्या बाजूनं निकाल दिला. दोन प्लेट भजी आणि चहावर मी सुटलो.

* * *

सोपानराव म्हणजे वजनानं आणि बोलण्यानं, दोन्हीकडून जड. एका आषाढात ते वाडीवरून खाली येत होते. वरून धोंडा सुटला आणि धाडकन टपावर! पण पावसाचा, इंजिनाचा आणि सोपानरावांचा आवाज इतका, की कुणाला पत्ताच नाही. उलट हेच मागच्या शिटांवर ओरडतायत, "गाडी आज लई लोड घेतीय. कोण जेवून आलंय रं?"

फाट्यावर आले तेव्हा आम्ही बघतोय, टपावर पोत्यांच्या मधोमध हा धोंडा! चौघांनी मिळून खाली घेतला. सोपानराव कमरेवर हात ठेवून गरजले, "लगेज कुणाचं हाय ह्ये?"

दगडू हळूच म्हणाला, "डोंगराचं."

आजही फाट्यावर आमचं बाकडं म्हणजे तोच धोंडा.

* * *

मग मोबाईल आला. वाडीत रेंज एकाच ठिकाणी यायची. देवळामागच्या खडकावर, तेही ताठ उभं राहून, मान डावीकडे केली तर. संध्याकाळी खडकाखाली लाईन लागायची. वरचा माणूस इतका मोठ्यानं बोलायचा, की पलीकडच्या डोंगराला फोनशिवाय ऐकू जावं.

दगडूला पहिलं चांगलं स्थळ आलं ते याच काळात. मुलीच्या मामांचा फोन. दगडू खडकावर, खाली लाईनीत निम्मी वाडी कान देऊन.

मामा म्हणाले, "जरा निवांत बसून बोलू या."

"बसता येत न्हाई मामा!"

"म्हणजे? अहो, दोन मिनिटं बसा की."

"न्हाई, म्या उबाच बोलनार!"

"मी मोठा माणूस सांगतोय, बसा!"

खालून कुणीतरी ओरडलं, "आरं, थोरामोठ्यांचं ऐक, बस!" आणि दगडू बसला. फोन कट!

चार दिवसांनी निरोप आला. मुलगा उर्मट आहे. बसा म्हटलं तर बसत नाही, आणि बसला की फोन ठेवून देतो.

* * *

दुसरं स्थळ नारायणगावकडचं, बागायतदार मंडळी. भर मे महिन्यात बघायला येणार. आता वाडीची गंमत अशी, की अंगणात उभं राहिलं तर खाली धरणाचं पाणी आरशासारखं चमकतं, आणि हंडा मात्र रिकामा. पाणी बघायला भरपूर, प्यायला नाही!

सोपानरावांनी अक्कल काढली. आदल्या रात्री गुपचूप आमच्या तिन्ही जीपांतून धरणावरून ड्रमच्या ड्रम पाणी वर आणलं आणि विहिरीत ओतलं. तळ झाकला. वरून पाहिलं तर चक्क विहीर! आम्हालाच भरून आलं.

मंडळी आली. मुलीचा बाप विहिरीच्या काठावर वाकला. "पाणी आहे की! मे महिन्यात! लोक उगाच बोलतात."

दगडूच्या तोंडावर पहिल्यांदा हळद दिसायला लागली. तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकी रिकामी कळशी घेऊन तिकडून चालल्या होत्या. बाईमाणूस सहज आत डोकावलं. आणि एकच किंकाळी!

"आगं बया! हिरीला पानी आलं गं! चैत्र-वैशाखात पानी! देव पावला!"

आम्ही फक्त घरच्यांना सांगितलं होतं, शेवंताकाकींना आणि वाडीला सांगायचं राहिलं होतं. बघता बघता आख्खी वाडी हंडे घेऊन धावली. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी नारळ. एका आजीनं तर विहिरीला लोटांगण घातलं. म्हणाली, "माज्या लग्नापासनं पयल्यांदा बघतीय!"

मुलीच्या बापानं सोपानरावांकडे पाहिलं. सोपानरावांनी धरणाकडे पाहिलं.

* * *

तिसऱ्या वेळी अडचण पाण्याची नव्हती, बिबट्याची होती. खाली उसात मुक्काम ठोकलेला बिबट्या रात्री वाडीपर्यंत फेरी मारायचा. म्हणून पक्कं ठरलं, की सोयऱ्यांपुढं वाघ हा शब्द काढायचा नाही. बोलायची वेळ आलीच, तर 'पावणं' म्हणायचं. या वेळी शेवंताकाकींनाही नीट समजावलं. तीच चूक झाली!

मंडळी पोहे खात बसलेली. शेवंताकाकी डोळे पुसत दारात. "वैनी, रातीला पावणं आलं व्हतं गं. माजी शेळी घिऊन गेलं!"

दगडूची आई म्हणाली, "परत? परवा आमचं कुत्रं न्हेलं की!"

"आन या बारीला पोरं बी संगं व्हती."

मुलीच्या चुलत्यांचा चमचा थांबला. "हे पाहुणे तुमच्या नात्यातलेच का?"

म्हातारीला खोटं बोलायचं जिवावर आलं. "नात्यातलं न्हाई, पर वाडवडलांपासनं येनंजानं हाय."

"मग तुम्ही त्यांना बोलत नाही काही?"

"बोलून काय व्हतंय दादा? आमी थाळ्या बडवतो, मंग जातंय आपलं आपण."

चुलत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. निरोप आला तो असा: मुलगा सोन्यासारखा, पण शेळ्या-कुत्री पळवणाऱ्या भावकीत आम्ही मुलगी देणार नाही!

आता खुलासा तरी काय करणार? वाघ होता म्हणून सांगायचं?

* * *

आणि मग आले आण्याचे टेलर.

आणे म्हणजे जुन्नरच्या पार पूर्वेला, पठारावर. पाऊस तिकडं वाट चुकला तरच जातो. या टेलरमामांनी भर श्रावणात यायचं ठरवलं. म्हणाले, "कापड भिजवल्याशिवाय आटतं का ते कळत नाही. रस्ता पावसातच बघणार." बरोबर बायको आणि मुलगी सुमन. मीच त्यांना फाट्यावरून वर नेलं. गळ्यात त्यांची टेप तशीच. वाटेत एका वळणावर मला थांबवून त्यांनी खरंच रस्त्याला टेप लावली. "इथं आखूड पडतोय," म्हणाले.

वर चहा झाला. सुमनच्या हातात निळ्या काचेच्या बांगड्या. ती पडवीत उभी राहून पागोळ्यांखाली हात धरत होती आणि बांगड्या वाजत होत्या. तिनं सरळ दगडूलाच विचारलं, "उन्हाळ्यात पाणी असतं का?"

सोपानरावांना आणि मला एकदम खोकला आला. दगडू म्हणाला, "न्हाई."

"आमच्याकडं तर पावसाळ्यातबी नसतं!" आणि खळखळून हसली.

दगडूला धीर आला. "वाघ बी येतो."

"येऊ द्या की. आमच्याकडं टँकरसुद्धा येत न्हाई!"

त्याच दुपारी खाली दरड आली आणि रस्ता बंद. मंडळी दगडूच्याच घरी अडकली. वाडीतले सगळे पहारी-फावडी घेऊन उतरले. टेलरमामांनी तोवर वाडीतल्या फाटक्या गोधड्या, छत्र्या, जे समोर येईल ते शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. पाऊसही थांबला. जेवण झालं आणि मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"मुलगा चांगला आहे. माणसं लाख आहेत. पण उद्या आजारपण आलं, बाळंतपण आलं, आणि रस्ता असा बंद, तर माझ्या पोरीला कुठून न्यायचं?"



दगडू म्हणाला, "दरडीच्या खाली येक गाडी उबी ठिवतो, मामा. मदलं अंतर झोळीतनं न्हेतो. आजवर कुनाला मागं ठिवलं न्हाई. पर तुमचं बरोबर हाय. बाप हाय तुमी." मग माझ्याकडे वळून, "अण्णा, सकाळी यांना घिऊन निगा."

सुमनच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

सकाळी आभाळ स्वच्छ. रात्रभर थेंब पडला नव्हता. दगडूच्या पडवीत संध्याकाळी धुऊन ठेवलेली पहार भिंतीला टेकलेली, तिच्या टोकाला ओली लाल माती. मी गाडी काढली. वाडी सुटते त्या पहिल्याच वळणावर ब्रेक मारला.

रस्त्यावर दगडांचा ढीग! मोठा म्हणावा तर नाही. एकेक दगड एका माणसाला लोटता येईल असा.

टेलरमामा खाली उतरले. ढिगाभोवती एक चक्कर मारली. वर डोंगराकडे पाहिलं. "दरड मापात पडलीय," म्हणाले.

"सरका मामा, आत्ता बाजूला करतो," म्हणत मी वाकलो. दोन दगडांच्या फटीत काहीतरी चमकलं. माझ्या आधी मामांचा हात पोचला. निळ्या काचेचा तुकडा.

त्यांनी तो बोटात धरून उजेडात बघितला. मग मागच्या सीटकडे बघितलं. सुमन पलीकडच्या दरीत काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती. उजव्या हाताला ओढणी गुंडाळलेली.

मामांनी तुकडा शर्टाच्या खिशात, खडूच्या शेजारी ठेवला आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले. मी पहिला दगड उचललेलाच होता.

"ठेवा तो खाली, अण्णा," ते म्हणाले. "आज काही हा रस्ता उघडत नाही. वळवा गाडी."