गांजावालीची साक्ष

भिलाईतल्या कुरुदच्या आमच्या घरांच्या ओळीत सिंधुताईला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि तिची पाठ फिरली की गांजावाली. नवरा गेल्यावर तिनं घरातून गांजाच्या पुड्या विकल्या, पकडली गेली, शिक्षा भोगून आली. मग भाजीचा ठेला लावला. तिची भाजी सगळ्यांना चालायची, हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलवायचं नाही. असली सोवळी माणसं आम्ही!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पहाटे, आमच्या बाया दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या वेशीवर टाकून येतात. भिलाईत जन्म गेला तरी विदर्भातली ही रीत कुणी सोडलेली नाही. त्या वर्षी पहाटे वेशीवरच हिरालालच्या पिकअपनं ओळीतल्या रमाबाईच्या पोराला, सुजयला चिरडलं. हिरालाल ठेकेदार, ओळीतली निम्मी पोरं त्याच्याकडे कामाला. तो म्हणाला, गाडी ड्रायव्हर चालवत होता, मी तिथं नव्हतोच. सिंधुताईनं त्याला स्टिअरिंगवरून उतरताना पाहिलं होतं. साक्षीला उभी राहिली ती एकटीच. तिच्या शब्दावर कोर्टाचा विश्वास बसला नाही, तर हिरालाल सुटणारच होता.

सून प्रांजली तिच्या मागं लागली. "आई, शिक्षेचं विचारलं तं सरळ नाही म्हणा. इज्जत जाईन आपली."

"गेलेली इज्जत आणखी कितीदा जाईन वं?" ताई म्हणाली.

दुर्गच्या कोर्टात शेजारी म्हणून मीही गेलो होतो. हिरालालच्या वकिलानं पहिल्याच फटक्यात विचारलं, "गांजा बेचने के जुर्म में सज़ा हुई थी ना?" सरकारी वकिलानं हरकत घेतली. जजसाहेब म्हणाले, विचारू द्या, त्याला किती महत्त्व द्यायचं ते मी बघेन. साहेबांना मराठी येत होतं, म्हणून ताई आपल्याच बोलीत सुटली.

"हो, झाली शिक्षा! तवा माह्या वकिलानं सांगतलं, माल माहा नाही म्हण, सुटशीन. मी म्हटलं, माहाच हाय. स्वतःले वाचवाले खोटं बोलली नाही, तं याले फसवाले कायले बोलू?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वकील मात्र हसला.

"तो इतनी सुबह वहाँ क्या कर रही थी? माल लेने गई थी?"

"मारबत न्याले गेली होती."

"अकेली?"

इथं गडी फसला. मारबतीला आमच्यात कुणी एकटं जात नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

ताईनं मागं वळून पाहिलं. रमाबाईसोबत आलेल्या ओळीतल्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या.

"नाही साहेब. आमच्या ओळीतल्या साऱ्या बाया होत्या. साऱ्यायनं पाह्यलं. त्यायच्यावर डाग नाही ना, म्हणून बोलाले भेतात. मले काय भेव?"

साहेबांनी नावं विचारली.

"लिहा," ताई म्हणाली. "पयली माही सून, प्रांजली."